आबांच्या नावाचा पास

"म्हाताऱ्याला खाली उतरव," असं संस्थेचे अध्यक्ष म्हणाले तेव्हा माझे वडील अजून गाडीत चढलेसुद्धा नव्हते.

शाळेच्या पटांगणात ट्रॅव्हल्स उभी होती. सगळा स्टाफ बायकापोरांसह जमलेला. चिवड्याचे डबे, नव्या टोप्या, गॉगल. आबा दाराशेजारी उभे होते. इस्त्रीचं धोतर, धुतलेला पटका. सगळ्यांना आधी चढू देत होते. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, जे बोलायचं ते माझ्याकडे बघून बोलले.

"आमचे जावई आलेत पुण्याहून. तुझ्या बापाच्या जागी ते चालले. आधार कार्ड दे त्याचं."

मी म्हणाले, "साहेब, पास नावावर आहे. गेटवर कार्ड बघतात."

"बघू दे की. आपला माणूस हाय तिथं. जावई सांगतील, मीच तो म्हणून. तुझं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते सांगायचं, तर ते पास कसे निघाले इथपासून सांगावं लागेल.

अंबड तालुक्यातल्या त्या विनाअनुदानित शाळेत मी कॉम्प्युटर शिकवायचे. कंत्राटी. बाकीचे सगळे सर आणि मॅडम. मी 'ए कॉम्प्युटर'. प्रिंट काढायची, ए कॉम्प्युटर. अध्यक्षांच्या वाढदिवसाचा बॅनर करायचा, ए कॉम्प्युटर. आम्ही धनगर. मेंढरं विकून कितीतरी वर्षं झाली, घरात आता लोकरीचा धागा नाही. तरी मी स्टाफरूममध्ये शिरले की एक मॅडम नाकाला पदर लावून खिडकी उघडायच्या. सगळे हसायचे. मीही हसायचे. नोकरी टिकवायची होती आणि हसण्याला काही लागत नाही, असं तेव्हा वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी विदर्भात जाऊन वाघ बघायचा, असं अध्यक्षांनी ठरवलं. गाडी संस्थेची. राष्ट्रीय उद्यानाचे पास कोण काढणार? ए कॉम्प्युटर.

पास काढणं म्हणजे काय ते ज्यानं काढलेत त्यालाच माहीत. आधी गेट निवडा. गेटं काय एकदोन नसतात. कोअरमधलं, म्हणजे ऐन जंगलातलं, की बफरमधलं, कडेचं, सकाळची फेरी की दुपारची, जिप्सी की मोठी गाडी. प्रत्येकाचं वेगळं. खेळाच्या सरांच्या साडूला एका गेटवर वाघ दिसला होता, म्हणून तेच गेट पाहिजे. इंग्रजीच्या सरांनी मोबाइलवर दुसऱ्याच गेटचा वाघ बघितला होता. त्यांचं भांडण मिटेपर्यंत दोन्ही गेटं भरून गेली. मंग ओरडा माझ्यावर.

एका जिप्सीत सहा माणसं. कोण कुणाबरोबर बसणार नाही याची यादी वाघांच्या यादीपेक्षा मोठी. आधार कार्डांचे फोटो मागितले तर कुणाचा फोटो हललेला, कुणाच्या नंबरवर अंगठा, एकानं तर लाइटबिल पाठवलं. साइट फिरायची, फिरायची आणि पैसे भरायच्या पानावर आली की गप पडायची. ओटीपी यायचा तो सगळं बंद पडल्यावर. आणि दर थोड्या वेळानं अध्यक्षांचा फोन, "झालं का न्हाई? एवढंसं तर काम हाय."

शेवटी निघाले पास. एकदा टाकलेलं नाव बदलत नाही, मूळ आधार कार्ड सोबत ठेवा, असं मी ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांनी खाली होकाराचा अंगठा टाकला. अध्यक्षांनीही.

प्रत्येकाला घरची माणसं आणायची मुभा होती. आई नाही. मी आबांचं नाव टाकलं. त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून शिपाईकाकांच्या घरच्यांबरोबर शेवटच्या जिप्सीत आम्हा दोघांच्या जागा घेतल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

आबांचा जन्म मेंढरांमागं गेला. दसरा झाला की कळप घेऊन निघायचं, घोड्यावर बिऱ्हाड, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत लांब लांब जायचं. मधे जंगल लागायचं. जंगलात पाय ठेवला की गार्ड यायचा. गार्ड आला की एक कोकरू द्यायचं, तेव्हा वाट मोकळी. पावती नाही, काही नाही. कोकरू दिलं नाही तर कुऱ्हाड जप्त, नाहीतर काठी. एकदा त्यानं आबांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या. मी लहान होते, घोड्यावरच्या गठुड्यात बसले होते. आईनं माझ्या डोळ्यांवर हात धरला. पण मी बघितलं. आबा उठाबशा काढत होते आणि हसत होते, जसं काही खेळच चाललाय.

तर असे आबा. पासचा कागद मी त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही.

"ह्याच्यावर माझं नाव हाय?"

"हाय."

"सरकारी हाय का पण?"

"सरकारीच हाय आबा."

"मंग तिथं कुणी आडवायचं न्हाई मला?"

"बिलकुल न्हाई."

वाघाचं त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, "चराई बंद असल्यावर गवत कसं वाढतं, ते पाह्यचंय मला." मग म्हणाले, नाव परत वाच. मी वाचलं. त्या दिवसापासून वस्तीवर जो भेटेल त्याला सांगत सुटले. सरकारनं आपल्याला जंगलात बोलावलंय, पासावर नाव आलंय. मी कितीदा सांगितलं की आबा, बोलावलं नाही, आपण विकत घेतलंय. ते ऐकायचे आणि पुढच्या माणसाला परत तेच सांगायचे.

हे एवढं जात होतं माझं.

पटांगणात मी अध्यक्षांना विचारलं, "साहेब, आबाच का? दुसरं कुणी थांबू शकतं ना?" मी त्यांच्याशी नेहमी पुस्तकातलं बोलायचे. त्या दिवशीही तसंच बोलले, हात जोडून.

"दुसरं कोण थांबल? सगळी चांगल्या घरची माणसं. तुझ्या बापानं जलमभर जंगलच पाह्यलंय, त्याला काय नवाई? आन् तू चल. पास तुझ्या मोबाइलमधी हायेत."

म्हणजे मी माणूस म्हणून नव्हे, मोबाइल म्हणून चालले होते. एवढा सगळा स्टाफ उभा होता. ज्यांच्यासाठी मी त्या साइटपुढं दिवसच्या दिवस घालवले, ते सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. एकही बोलला नाही. आमच्या जिप्सीतले शिपाईकाकासुद्धा नाही. मला त्यांचा आजही राग येतो, अध्यक्षांच्या इतकाच.

मी काही बोलायच्या आत आबांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. कार्ड काढलं आणि जावयापुढं धरलं.

"जाऊ दे माय," मला म्हणाले. "घेऊ दे त्यांना."

गार्डाला कोकरू द्यायचे तसंच दिलं. उशीर न करता, दुसऱ्यांदा मागायच्या आधी. जावयानं कार्ड घेतलं. गळ्यात कॅमेरा अडकवलेला, बोलायला गोड माणूस. त्यानं कार्डावरचं नाव वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, हेल काढून, आमच्या लोकांची नक्कल करत. "असंच सांगायचं ना गेटवर? जमतंय का मला?"

सगळे हसले. अध्यक्ष हसले, मुख्याध्यापक सर हसले. खिडकी उघडणाऱ्या मॅडम तर तोंडावर पदर धरून हसल्या.

आणि आबाही हसले.

ते हसणं मी ओळखलं. ते उठाबशा काढतानाचं हसणं होतं. आणि ते माझंही होतं. स्टाफरूममधलं, रोजचं. मी शिकले, पदवी घेतली, कॉम्प्युटर शिकवू लागले, आणि बापाकडून नेमकं हेच घेतलं. मला स्वतःचीच चीड आली.

मी जावयाच्या हातातून कार्ड ओढून घेतलं. काढून घेतलं नाही, ओढलं. त्याचा कॅमेरा हलला.

"कार्ड न्हाई द्यायचं," मी म्हणाले. "नाव बी न्हाई द्यायचं." पुस्तकातली भाषा गळून पडली होती. "त्या जागेवर आबा बसतील, न्हाईतर कुणीच न्हाई."

अध्यक्ष पुढं आले.

"नोकरी करायची का न्हाई तुला?"

"करायची. पण नाव न्हाई देत."

"मंग जा तुमच्या गाडीनं. ह्या गाडीत पाय ठेवायचा न्हाई."

सगळ्यांचे पास मी छापूनही आणले होते. बाकीच्यांचे मुख्याध्यापकांच्या हातात दिले, आमचे दोन ठेवून घेतले. सरांनी ते निमूट घेतले. गाडी गेली. जावई तिच्यात बसला होता. गेटवर त्याला आत घेतलं का नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. आमच्या दोन जागा मात्र रिकाम्या गेल्या. आमच्याच नावावर रिकाम्या गेल्या.

कुणाला वाटेल, आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला असेल. नाही ठेवला. वस्तीपर्यंत ते माझ्यापुढं चालत राहिले, मागं वळून न बघता. दारात आल्यावर म्हणाले, "चांगली नोकरी हुती. एका कार्डासाठी घालवून बसलीस. जल्दी रागवायला आपण काय पाटील हाओत?" मी म्हणाले, "आबा, तुमच्या नावाला हसले ते." ते म्हणाले, "हसू दे की. हसल्यानं काय होतंय?" त्यावर मी त्यांच्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा, शेजारपाजार गोळा होईपर्यंत. बरेच दिवस आम्ही एका घरात न बोलता राहिलो. अजूनही त्यांना माझं पटलेलं नाही.

दिवाळी सरल्यावर मुख्याध्यापकांचा फोन आला. "साहेब मोठ्या मनाचे आहेत. एकदा येऊन माफी मागा, विषय संपला. उद्यापासून कामावर या." पहिल्यांदाच मला अहोजाहो करत होते. माझ्याशिवाय शाळेतले कॉम्प्युटर धूळ खात पडले असणार. घरात पैशाची ओढाताण होती. माझ्या तोंडात हो आलंही होतं.

मी म्हणाले, "सर, त्या दिवशी तुम्ही बी हसला होता."

त्यांनी फोन कट केला.

आता मी वडीगोद्रीला, हायवेवरच्या एका दुकानात ऑनलाइनची कामं करते. दाखले, परीक्षांचे फॉर्म, रेल्वेची तिकिटं. सुट्ट्या जवळ आल्या की जंगलाचे पासही. साइट अजून तशीच गप पडते आणि मी तशीच वैतागते. कुणी म्हणतं, "गड्याचं नाव टाक ताई, ऐनवेळी त्याच्या जागी कुणाला तरी पाठवू." मी त्याला दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवते. मालक कुरकुरतो. कुरकुरू दे.

आबा म्हणतात, त्या पासाचं नाव परत घरात काढायचं नाही. मी काढणार आहे. येत्या उन्हाळ्यात, मला पाहिजे ते गेट निवडून, दोन नावं टाकून. ते आले तर गवत बघतील. नाही आले तर त्यांची जागा रिकामी जाईल, दरवर्षी गेली तरी जाईल. पण तिच्यावर दुसरा कुणी बसणार नाही. आणि त्या नावाला कुणी हसलं, तर हसणाऱ्यात मी नसेन. आबांना हसायचं असेल तर त्यांनी हसावं. मी नाही हसणार.