सिनेमा चालू असताना ताईला बघायला आले

साताऱ्याच्या आमच्या घरी टीव्ही आला तो सत्तरच्या दशकाच्या उतरणीला, आणि तेव्हापासून मी कितीतरी सिनेमे पाहिले, पण सगळे अर्धे. त्याला कारण आमचा अँटेना. गच्चीवर उंच पाइपावर तो पुण्याकडे तोंड करून उभा असायचा. वारा सुटला की फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग ताई गच्चीवर जाऊन पाइप फिरवी, आमचे वडील, अण्णा, टीव्हीसमोर बसून "आलं" किंवा "गेलं" म्हणत, आणि मी जिन्यात उभी राहून त्यांचा शब्द वर पोचवी. मी जिन्यात जाताना पडद्यावरची आई आंधळी असे, परत येते तर ती सुनेला ओवाळत असे. मधल्या वेळात डोळे कसे आले, ते मला कुणी कधी सांगितलं नाही. सिनेमात माणसं उगाच रडतात आणि उगाच बरी होतात, असं माझं मत झालं ते यामुळेच.

ताई घरात सगळ्यांत उंच. पाइप नेमका कुठे थांबवायचा ते तिलाच कळे. पण या उंचीपायीच तिची तीन स्थळं परत गेली होती. तिसऱ्या नकारानंतर तिने आईला सांगून टाकलं, "आता एकदाच पोह्यांची बशी धरीन. पुन्हा नाही." आईने त्या आठवड्यापासून गुरुवार धरले.

चौथे पाहुणे रहिमतपूरचे. मुलगा लष्करात, सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसच्या कामावर, सुटी संपत आलेली, म्हणून रविवारची संध्याकाळ ठरली. रविवारी संध्याकाळी आमच्या सोप्यात आळीतल्या तीसेक बायका सिनेमाला येतात, हे अण्णांच्या ध्यानातच आलं नाही. आल्यावर त्यांना परत पाठवायची अण्णांची टाप नव्हती. पाहुण्यांना मधोमध सतरंजीवर जागा दिली. ताई बशी घेऊन आली तेव्हा पडद्यावर नायिका विहिरीकडे धावत होती. मुलाची आई म्हणाली, "पोरी, जरा बाजूला सरक गं, दिसंना." आमच्या आईचा चेहरा पडला. मुलाच्या वडिलांनी पोह्यांकडे न बघता पोहे खाल्ले, मिरच्यांसकट.

नायिका विहिरीच्या काठावर पोचली आणि मुंग्या आल्या. सगळ्या बायका सवयीने ताईकडे वळल्या. ताईनेही सवयीने बशी खाली ठेवली, ठेवणीतल्या साडीचा पदर खोचला आणि निघाली. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरून मुलगी उठून गच्चीवर गेली, असं साताऱ्यात त्याआधी झालं नसावं. मी जिन्यात माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. तेवढ्यात मुलगा उठला. "मी बघतो. आमचं रोजचंच काम हाय," असं म्हणून तो माझ्या शेजारून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

चित्र आलं, आणि इतकं स्वच्छ आलं की विहिरीतलं पाणी दिसलं. पाइपावरचा एक जरी हात निघाला तरी ते जाई. खालून मुलाचीच आई ओरडली, "आता हलू नगा. हाय तसंच धरा." अण्णांनी घसा खाकरून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी वर जाऊन बसावं. मी दोन पायऱ्या चढले तर बायकांनी दटावलं. माझ्या जाण्याने चित्र हलेल असं त्यांचं म्हणणं. अशी ती लग्न न ठरलेली दोन माणसं पाऊण तास एकच पाइप धरून उभी होती. जिन्यात मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते. मधूनच ताई हसायची. आधीच्या तीन पाहुण्यांपुढे तिने मानही वर केली नव्हती.

सिनेमा संपला, दिवा लावला, दोघं खाली आली. शेजारी शेजारी उभी राहिली तेव्हा सगळ्यांना दिसलं, ताई दोन बोटं उंचच होती. आईने डोळे मिटून घेतले. मुलाच्या वडिलांनी डोळे पुसत रीतसर सुरुवात केली, "नाव काय, पोरी?"

"आबा, ते समदं मी इचारलंय," मुलगा म्हणाला. "माझी पसंती हाय. आता त्यांची हाय का, ते इचारा."

ताईची पसंती आजवर कुणी विचारली नव्हती, आम्हीही नाही. अण्णा तिच्याकडे वळले, पण हा प्रश्न मुलीला कोणत्या शब्दांत विचारायचा, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

शेवटी ताईच म्हणाली, "अण्णा, विचारा की."