आत्याचं कोलेस्टेरॉल

जमिनीला हात टेकून उठणाऱ्याला आत्या म्हातारा समजायची, मग तो पस्तिशीचा का असेना. ती स्वतः सत्तरी ओलांडल्यावरही पाटावरून सरळ उभी राहायची. कोणी "आई गं" करत उठलं, की विचारायची, "आयशीला कशाला हाक मारतोस? ती येव्न उठवणार हाय काय?"

पावस गावाच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमची घरं शेजारी-शेजारी. सुकती लागली, पाणी ओसरलं, की आत्या कोयती आणि टोपली घेऊन खडकांवर कालवं काढायला जायची. उकिडवं बसून शिंपला फोडायचा, कालव वाटीत टाकायचं, पुढच्या खडकावर सरकायचं. चांगली कालवं कुठं मिळतात हे तिनं कुणाला सांगितलं नाही. "खडक विचारू नये, पानात वाढलेला खावा," एवढंच म्हणायची.

मग तिच्या रक्तात कोलेस्टेरॉल सापडलं. डॉक्टरांनी गोळी दिली, तेल-नारळ कमी करा म्हणाले. तिचा मुलगा दिनूदादा डॉक्टरांच्याही वरताण. त्यानं खोबरं, कोळंबी, कालवं सगळंच बंद केलं, आणि खायची नाहीत तर काढायची कशाला, म्हणून खडकही बंद केले. टोपली माळ्यावर गेली. आत्या चवताळली.

"खाव नको म्हण. जाव नको कसा म्हणतोस? माजे पाय काय कालवां खातात?"

दादानं ऐकलं नाही. वर्षभर ती ओट्स नावाची खळ गिळत पडवीत बसली. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला, त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी खाली. दादानं आनंदानं पेढे आणले. त्याच दुपारी आत्या पाटावरून उठायला गेली आणि परत खाली बसली. आम्ही दोघांनी धरून तिला उभी केली. तिचे हात हातात घेतले तेव्हा कळलं, नुसती हाडं उरली होती.

नव्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि तिला हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं. जमलं नाही. त्या दादाला म्हणाल्या, "या वयात आकडा उतरला म्हणजे प्रकृती सुधारलीच, असं नसतं. खाणं तुटलं, अंग झडलं, की तो आपसूकही उतरतो. गोळीचं मी बघते. तुम्ही यांना नीट जेवू घाला आणि चालू द्या."

आत्यानं घरी येताच टोपली खाली काढायला लावली. आधी अंगणात चालली, मग कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत, मग खाडीपर्यंत. खडकावर पहिल्यांदा बसली खरी, पण उठताना अडली. दादानं धावत जाऊन हात पुढं केला.

"हात नको. बाजूला हो," ती म्हणाली.

तिनं दोन्ही तळवे खडकावर टेकले. कालवांच्या धारेनं हात कापला, गुडघा सोलवटला, पण उठली. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. आत्या आमच्यावरच खेकसली, "कोण मेलाय काय? सरका, सुकती संपल."

त्यानंतर काही वर्षं तिची एकही चांगली सुकती चुकली नाही. गेल्या शिमग्याच्या आधी ती गेली. संध्याकाळी खाडीवरून आली, पाय धुतले, पोटभर जेवली आणि झोपेतच गेली. भेटायला येणारे म्हणत होते, "सुटली बिचारी." मला संताप यायचा. ती बिचारीही नव्हती आणि सुटलीही नव्हती. आम्ही तिला एकदाच अडकवलं होतं, आणि तिथून ती केव्हाच आपल्या पायांनी बाहेर पडली होती.