लिंक उघडेना तो बुधवार

सॉफ्टवेअरच्या अपडेटचं भलं चिंतणारी बाई माझ्याखेरीज दुसरी कोणी असेल असं मला वाटत नाही. ते अपडेट बिघडलेलं होतं, त्याने ईमेलमधल्या सगळ्या लिंका बंद पाडल्या, आणि काही दिवसांनी कंपनीने गुपचूप दुसरं अपडेट पाठवून पहिल्याची घाण निस्तरली. हे सगळं मला लेकीने नंतर समजावून सांगितलं. ती चिडली होती. मी म्हटलं, चिडू नकोस बाई, त्या लोकांचं कल्याण होवो.

ह्यांना मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. हात-पाय हळूहळू सावरले. इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत काठी न घेता जाऊन येऊ लागले. पण बोलणं गेलं. समजत सगळं होतं. वर्तमानपत्र समोर धरलं तर कुठल्या बातमीला भुवया चढवायच्या ते बरोबर कळत होतं. तोंडातून मात्र एकच गोष्ट बाहेर पडायची, ती म्हणजे "हो ना". चहा हवा तरी हो ना, नको तरी हो ना, आणि संतापाने मूठ आपटली तरी हो ना. ज्या माणसाने संसारभर माझ्या प्रत्येक वाक्यापुढे "पण" लावला, तो आता सगळ्याला होकार देत बसला होता. शेजारणी गमतीने म्हणायच्या, काकू, तुमचं तर भाग्य फळफळलं. मीही हसायचे आणि घरात येऊन रडायचे. मला भांडणारा नवरा परत हवा होता.

डॉक्टर म्हणाले, लहानपणापासूनची जी भाषा आहे तिच्यातूनच सुरुवात करा. ह्यांची नोकरी सगळी हिंदीत झाली, पण घर मराठी. आमच्या शोधात इथे मराठीतून वाचा-उपचार करणारं कोणी मिळालं नाही, म्हणून लेकीने पुण्याच्या एका ताई शोधल्या. दर बुधवारी अकरा वाजता लॅपटॉपवर सत्र. त्याची लिंक सकाळी ह्यांच्या ईमेलवर यायची, मी ती दाबायची, की ताईंचा चेहरा समोर. त्या आरशात बघून ओठ हलवायला लावायच्या, आरती म्हणायला लावायच्या. आरतीचे शब्द सुरात थोडेफार यायचे. पण सूर थांबला की पुन्हा हो ना.

सहा-सात महिने असे गेल्यावर ताईंनी मला स्पष्ट सांगितलं. पुढच्या बुधवारी त्यांच्या वरिष्ठ मॅडम स्वतः तपासणी घेणार होत्या. ह्यांच्याकडून मनाने एखादा जरी शब्द आला तर सत्रं पुढे चालू राहतील. नाहीतर घरी करायचा सराव शिकवून त्या थांबतील, कारण बाकीचे पेशंट रांगेत उभे होते. त्या अगदी मायेने बोलल्या, पण मी शाळेत मास्तरीण होते, "आता घरीच सराव घ्या" कोणत्या मुलाच्या आईला सांगतात ते मला ठाऊक आहे. तो बुधवार म्हणजे ह्यांच्या बोलण्याची शेवटची आशा, असंच मी धरून चालले होते.

त्या दिवशी मी ह्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि अर्धा तास आधीच लॅपटॉप उघडला. रात्री त्याने आपल्या मनाने अपडेट करून घेतलं होतं. पडद्यावर "तुमचा संगणक आता अद्ययावत आहे" अशी पाटी होती. मला तर बरंच वाटलं. ईमेल उघडली, निळं बटण दिसलं, बाणाचा हात झाला. दाबलं तर काही नाही. पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, दोनदा दाबलं. भिंतीवर बोट टेकवावं तसं. जुन्या ईमेलमधल्या लिंका दाबून पाहिल्या, त्याही मेलेल्या. वीजबिलाची लिंकसुद्धा उघडेना, तेव्हा कळलं की दोष पुण्याचा नाही, घरचाच आहे.

आता म्हणाल, फोनवर उघडायची. माझ्या फोनवर ह्यांचं ईमेल नव्हतं, कारण त्याचा पासवर्ड ह्यांनी कुठे लिहून ठेवला नव्हता. तो ह्यांच्या डोक्यात होता, आणि त्या डोक्यातून "हो ना"शिवाय काही बाहेर येत नव्हतं. मी विचारलं तेव्हा ह्यांनी डोळे मिटून खूप प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. मग मीच म्हटलं, राहू द्या. पुण्याच्या ताईंना फोन लावला, तो बंद. सत्रांच्या वेळी त्या बंदच ठेवतात. लेक जिथे राहते तिथे तेव्हा मध्यरात्र होती, तिने उचलला नाही. माझा धीर सुटला आणि मी लॅपटॉपला शाळेतल्या आवाजात चांगलं झापलं.

तो आवाज भिंतीपलीकडे गेला आणि शेजारचे भाऊ चप्पल अडकवून आले. त्यांचा राजवाड्याजवळ भांड्यांचा धंदा आहे. दुकान मुलाने हाती घेतल्यापासून ते अकरापर्यंत घरीच असतात आणि गल्लीतल्या प्रत्येक अडचणीला हजर असतात.

"काय झालं वहिनीजी? एवढ्या जोरात कोणावर?"

मी सांगितलं.

"बस इतनीसी बात? टेन्शन नका घेऊ. पहले इसको बंद करून चालू करा."

बंद करून चालू केला. त्यात बराच वेळ गेला आणि लिंक होती तशीच राहिली. मग भाऊ म्हणाले, उजवं बटण दाबून कॉपी करा. उजवं बटण दाबलं तर सगळी खिडकीच गोठली. अकरा वाजून गेले होते. हे खुर्चीत ताठ बसून घड्याळाकडे बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"ऐसा करा," भाऊ म्हणाले, "ही ईमेल मला फॉरवर्ड करा. माझ्या फोनमध्ये उघडते की नाही, देखते हैं."

बुडत्याला काडीचा आधार. मी खिडकी परत चालू केली आणि ईमेल पाठवली. त्यांच्या फोनवर टिंग वाजलं, त्यांनी बोट लावलं, आणि लिंक अशी उघडली, जसं काही झालंच नव्हतं. पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. वरिष्ठ मॅडम. त्यांनी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यासमोर एक साठी ओलांडलेले गृहस्थ होते, आणि ते होते आमचे भाऊ.

"नमस्कार काका, उशीर झाला, आपण लगेच सुरू करू या," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर एक चित्र लावलं. "ह्यात काय काय दिसतंय ते सांगा बरं. घाई नाही."

इथे बाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या इंदूरमध्ये प्रश्न कोणाला विचारला ह्याला फारसं महत्त्व नसतं. जो आधी ऐकतो तो उत्तर देतो. लालबागच्या जत्रेत एकाला वाट विचारा, चौघं सांगतील, आणि पाचवा तुम्हाला गाडीवर बसवून सोडून येईल. झटका आल्यापासून ह्यांना कोणी "कसं वाटतंय" विचारलं की दारात उभी असलेली सगळी मंडळी उत्तर द्यायची, मीसुद्धा. तेव्हा पुण्याच्या मॅडमनी विचारलं आणि भाऊंनी उत्तर दिलं नाही, असं होणं शक्यच नव्हतं.

"आहा, बढिया चित्र आहे मॅडमजी," भाऊ म्हणाले. "ही एक बाई आहे. फोनवर बोलून राहिली. मागे खिडकी. ओट्यावर गॅस आहे, और गॅसपर भगोना. भगोना अच्छा है, जाड बुडाचा, आजकल असा माल येत नाही. झाकण मात्र त्याच्या जोडीचं नाही."

मी हातवारे करत होते की अहो, तुम्ही पेशंट नाही. मॅडम तिकडे कौतुकाने मान डोलवत होत्या. "छान! वाक्यं पूर्ण येताहेत तुमची," त्या म्हणाल्या, आणि मला रडावं की हसावं कळेना. ह्यांच्या हक्काची तपासणी भांड्यांच्या व्यापाऱ्याने पास केली होती.

हे मात्र खुर्चीतून पुढे झुकले होते. भाऊंच्या खांद्यावरून ते चित्राकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. भाऊ झाकणाबद्दल अजून काही सांगणार इतक्यात मागून आवाज आला.

"दूध!"

मी एवढी दचकले की हातातला चष्मा पडला. भाऊंनी मागे वळून पाहिलं. पुण्याच्या मॅडमही थबकल्या.

"हे कोण बोललं?"

"मॅडमजी, पेशंट तो ये हैं," भाऊ कबूल झाले. "मी शेजारी. सॉरी हं." त्यांनी फोन ह्यांच्यासमोर धरला. मी नीट पाहिलं तर चित्रातल्या त्या भगोन्याच्या, म्हणजे पातेल्याच्या, कडेवरून पांढरा फेस खाली येत होता. बाई फोनवर, आणि मागे दूध उतू. ते भाऊंनाही दिसलं नव्हतं आणि मलाही नाही.

"काका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "दुधाचं काय?"

ह्यांचे ओठ हलले. मी सवयीने तोंड उघडलं. "काकू, तुम्ही नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्हीही नाही, भाऊ. कोणीच बोलायचं नाही."

आमच्या घरात अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. भाऊंनी जीभ दातांत धरली होती, पण हा बडबड्या माणूस एक अक्षर बोलला नाही. त्या गप्प राहण्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. लिंक उघडल्याबद्दल नंतर, आधी त्याबद्दल.

ह्यांनी दोनदा श्वास घेतला. "दू... दूध... उतू," ते म्हणाले. मग त्यांनी फोनवरची नजर काढून माझ्याकडे वळवली. ती नजर आजाऱ्याची नव्हती. शेजारणीशी बोलता बोलता दूध विसरणाऱ्या बायकोकडे जी नजर जाते, ती होती, आणि मी ती किती महिन्यांनी पाहत होते.

"अगं," हे ओरडले, "गॅस... गॅस बंद कर!"

मॅडम काहीतरी आनंदाने बोलत होत्या. सत्रं पुढे चालू ठेवू म्हणाल्या, असं मला भाऊंनी नंतर सांगितलं. मी तिथे नव्हते. मी उठून तडक स्वयंपाकघरात गेले होते. ओटा कोरडा होता, दूध कधीच तापवून फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं, आणि गॅस बंदच होता. तरी मी बटण चाचपून पाहिलं, पदराने डोळे पुसले, आणि पूर्वी ओरडायचे तशीच तिथून ओरडले, "केला हो, केला बंद!"