दोनशे खणांत न मावलेली एकशे ऐंशी टेबलं

नेइमन हे गाव भर रस्त्यात मांडव घालून जेवणावळी घालणाऱ्या आचाऱ्यांचं. तिथल्या श्यु-गो मावशींना साधा भात धड जमायचा नाही, पण गावातली एकही पंगत त्यांच्या कॉम्प्युटर प्रोग्रामशिवाय उठत नसे. कुठल्या टेबलाला कुठला पदार्थ कधी, त्याच्या चिठ्ठ्या तो छापायचा. गेली तीस वर्षं, बिनतक्रार.

त्या वर्षी मात्सू देवीच्या वाढदिवसाला पहिल्यांदाच एकशे ऐंशी टेबलं ठरली. आदल्या सकाळी आ-होक आचाऱ्याने चिठ्ठ्या छापून पाहिल्या, तर गाडी एकशे बासष्ट टेबलांवर अडली.

"मावशी, अठरा टेबलं उपाशी राहतील. तीही सगळी माझ्या सासुरवाडीची."

"मग बरंच की."

"थट्टा नको. आज नाही जमलं तर ताइपेहून दुसरा प्रोग्राम आणतो."

मावशींचं हसू जागच्या जागी विरलं. अ‍ॅरेत म्हणजे प्रोग्रामातल्या टेबलांच्या यादीत दोनशे खण त्यांनी स्वतःच्या हातांनी ठेवले होते. मग एकशे ऐंशी टेबलं मावत कशी नाहीत?

चहा पिता पिता त्यांची नजर आ-होकच्या आकड्यांच्या पाट्यांवर गेली. तीननंतर पाच. तेरानंतर पंधरा. चाळिशी तर अख्खी गायब. तिथल्या बोलीत चारचा उच्चार मरणासारखा, त्या टेबलावर बसणार कोण? ही गोष्ट गावाच्या इतकी अंगवळणी पडलेली की प्रोग्राम लिहिताना मावशींनाही ती दिसली नव्हती. खण मात्र आकड्यागणिक एक, त्यातले चार असलेले अडतीस जन्मापासून रिकामे. एकशे बासष्टाव्या टेबलावरच दोनशेची पाटी लागत होती.

मावशींनी खणांची मर्यादाच काढून टाकली. आता पंगतीचे बाराही पदार्थ, सगळी टेबलं, डेटाबेसातून एका दमात मेमरीत आली आणि जुना कॉम्प्युटर धापा टाकू लागला.

"छापतोय का?"

"विचार करतोय."

"उद्या एवढ्या वेळात माझं सूप थंड होईल."

"तू एकशे ऐंशी वाडगे एकदम उचलतोस?"

"खुळ्या झालात का? ट्रेवर मावतील तेवढेच."

मावशी टुणकन उठल्या. पाच-पाच टेबलं आणून पाहिली, तर हेलपाट्यांतच वेळ गेला. पन्नास आणली, तर कॉम्प्युटरला पुन्हा धाप लागली. वीस मात्र बरोब्बर बसली: वीस आणा, छापा, खण मोकळे करा, पुढची वीस.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेवटच्या, दोनशे वीस आकड्याच्या टेबलावर मासा वाफाळत पोचला. तिथे आ-होकच्या सासूबाई होत्या.

"काय म्हणाल्या?" मावशींनी विचारलं.

"मासा खारट आहे."

"ते खातं तुझं," म्हणत मावशींनी आपला वाडगा पुढे केला.