कायनेजवाले मामा

होऊ घातलेलं काम थांबवण्यात साऱ्या नगर जिल्ह्यात आमच्या मामांचा हात धरणारा कुणी नाही. आईचे हे धाकटे भाऊ जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आले आणि एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांवर हुकूम चालवणाऱ्या कायनेज नावाच्या प्रथिनांपायी वेडे झाले. निवृत्त होऊन बेलापुरात आमच्या शेजारी राहायला आले, ते आमच्या राशीलाच. खिडकीत पाण्याच्या ग्लासांवर आमचेच निवडक कांदे बसवायचे, मुळं फुटली की त्यांचे शेंडे कापून मायक्रोस्कोपखाली घालायचे आणि जेवत्या माणसाला पानावरून उठवून गुणसूत्रं दाखवायची! "कायनेज फॉस्फेट चिकटवतं, मग बाकीची प्रथिनं कामाला लागतात," हे वर ऐकायचं. फॉस्फेट म्हटलं की वडील खताचा भाव विचारत आणि मामा कपाळावर हात मारून घेत.

तेवढ्यावर भागतं तर ठीक होतं. गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी दोरे लागलेत ना, हे कायनेज बघतात, चुकीचा दोरा सोडवतात आणि सगळं जुळेपर्यंत पेशीला अडवून धरतात. तेच मामा आमच्या घरी करू लागले. एकदा राहात्याला कांद्याचा टेम्पो निघाला होता, तर यांनी ताडपत्रीचे सगळे दोर सोडले. "दोन्ही दोर एकाच अंगाला बांधलेत. दोन्हीकडून ताण नसंल तर ती पकड न्हाई!" ड्रायव्हर रडकुंडीला आला, "मामा, तिकडं लिलाव उरकंल हो!" उरकलाच.

वडील गेल्यावर मी आणि धाकटा भाऊ वाटणीला बसलो. मामांना बोलावणं भागच होतं. जमीन, गाई, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, सगळं ठरलं, सह्या तेवढ्या राहिल्या, आणि मामा म्हणाले, "थांबा."

माझं डोकंच फिरलं. "आता कुठला दोर राहिला, मामा?"

मामा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथं आई गहू निवडत बसली होती. "पेशी वाटणीआधी सगळ्याची जोड तयार करती, बाबांनो. माझ्या बहिणीची जोड कुठून आणणार?"

सह्या झाल्या नाहीत. पुढची सगळी वर्षं आम्ही एकाच चुलीवर भांडत, चरफडत आणि मामांना शिव्या घालत काढली. आई गेली, मग वाटणी झाली. मामा आले, भिंतीला टेकून बसले आणि शेवटपर्यंत काहीच बोलले नाहीत. सही करताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. एकदा अडवलं असतं तर मी पेन तिथंच खाली ठेवलं असतं.