स्पीकरवरचा हात

आमचा जुना अँप्लिफायर दुरुस्त करायला चारकोपहून एक मेकॅनिक यायचा. प्रीअँपचा गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाचा जोर, आणि अँपचा व्हॉल्यूम जुळवायची वेळ आली, की तो आम्हाला खोलीबाहेर काढायचा. "पाच मिनिटं दे रे," म्हणत दार लोटून घ्यायचा. आतले चांगले पार्ट हा काढून नेतो, असा मला दाट संशय होता.

एका रविवारी मी दार हळूच ढकललं. एका हाताने तो गेनचं बटण जरा जरा वाढवत होता, दुसऱ्या हाताची बोटं स्पीकरवर टेकवलेली होती. "झालं का?" मी विचारलं. तो वळला नाही. मोठ्याने विचारलं, तरी नाही. मी समोर गेलो तेव्हा दचकला.

"ऐकू येत नाही तुम्हाला?"

"कमी येतं," माझ्या ओठांकडे बघत तो म्हणाला. "आवाज फाटायला लागला की बोटांना कळतं. बाहेर बोलू नको हां, गिऱ्हाईक तुटेल."

मी कोणाला बोललो नाही. बाबा म्हणतात, आवाज इतका स्वच्छ कधीच नव्हता. मला मात्र तेव्हापासून प्रत्येक गाण्यात कुठेतरी खरखर ऐकू येते.