फिंडाने एक दिवस मागितला होता

आमच्या गावात बाळ जन्मलं की त्याला पहिले हात लागायचे ते फिंडाचे, आणि बाई मेली की शेवटची आंघोळ घालणारे हातही तिचेच. बायकांच्या मंडळाची ती प्रमुख. अंगाने दांडगी, तोंडाने फटकळ. बाळंतीण ओरडायला लागली की म्हणायची, "ओरड, ओरड! नवऱ्यालाही कळू दे जरा." इबोला आला तेव्हा या बाईला सगळ्यांत आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. राजधानी फ्रीटाउनहून एक गाडी आली आणि कर्ण्यावरून ओरडत गेली, या रोगाला औषध नाही, ताप आला तर दवाखान्यात या. औषध नाही तर दवाखान्यात काय मरायला यायचं? माकडाचं मांस खाऊ नका, अशी चित्रं झाडाझाडावर चिकटवली. माणसं मरत होती ती आजाऱ्याची ओकारी पुसून, घाम टिपून, मढं न्हाऊ घालून. ते मात्र समोर बसून कुणी सांगितलं नाही. शेवटी फिंडानेच एका नर्सला खोदून खोदून विचारलं, आणि तिने समजावल्यावर मढ्यांना हात लावणं सोडलं. बायकांनी तिला वाटेल तसं सुनावलं. तिने ऐकून घेतलं.

मग तिची लेक तेवाच तापाने पडली. मरणाऱ्या सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिथेच तिला लागण झाली. पोटात बाळ, दिवस भरत आलेले, आणि नवरा कामासाठी गेलेला तो रस्ते बंद झाल्यामुळे तिकडेच अडकलेला. गाडीसाठी आम्ही निरोपावर निरोप धाडले. उत्तर एकच, खाट रिकामी नाही. फिंडा झोपडीच्या दाराबाहेर बसून राहिली. मीठसाखरेचं पाणी लांब काठीने आत सरकवायची आणि दटावायची, "पी गं, नखरे नकोत. मी बघतेय." नियम म्हणजे नियम, पोटच्या पोरीला तिने बोट लावलं नाही. एका सकाळी पाण्याचं भांडं होतं तसंच राहिलं.

जिवंत तेवासाठी जी गाडी नव्हती, ती मेलेल्या तेवासाठी दुपारच्या आत हजर!

आम्ही किसी जमातीचे लोक गरोदर बाईला बाळासकट मातीत घालत नाही. दोघांना वेगळं करावं लागतं, नाहीतर पूर्वज तिला आपल्यात घेत नाहीत आणि गावातल्या कुशी उजवत नाहीत. हे काम फिंडाच्या मंडळाचं. पण आता पोट चिरायचं म्हणजे रक्तात हात घालायचा, आणि त्या रक्तात मरण होतं. फिंडाने त्यावरही विचार करून ठेवला होता. नदीकाठच्या गावात फायिया नावाचा म्हातारा होता. बकरा देऊन, पांढरं कापड अंथरून, पूर्वजांची माफी मागून बाईला न चिरता मोकळं करायचा विधी त्याला येत होता. पण आमच्या आणि त्याच्या गावामध्ये रोग पसरू नये म्हणून रस्त्यावर दोर बांधलेला, आणि दोरापाशी पोलीस.

मढं पुरायला आलेल्या पांढऱ्या पोशाखातल्या पथकाचा साहेब उतरला तशी फिंडा पुढे झाली.

"साहेब, एक दिवस थांबा. पोरीला पिशवीत घाला, दाराला कुलूप लावा, आम्ही कुणी जवळ जाणार नाही. फक्त म्हाताऱ्याला दोर ओलांडू द्या."

"मावशी, मृतदेह ठेवून घेता येत नाही. नियम आहे."

"जिवंत होती तेव्हा बरी इथेच ठेवलीत!"

"हे बघा, ही अंधश्रद्धा आहे."

"असेना का! पण या अंधश्रद्धेपायी माझ्या बायका पोरीला उकरतील, चिरतील आणि मरतील. तुम्हाला मरण थांबवायचंय की आम्हाला शहाणं करायचंय?"

"राखणीला पोलीस ठेवतो," साहेब म्हणाला आणि माणसांना खूण केली.

फिंडा गाडीपुढे आडवी झाली. पोलिसांनी तिला फरफटत बाजूला केलं. तेवाला गावाबाहेर पुरलं, ना प्रार्थना, ना आईला तोंड दाखवणं. राखणीचा पोलीस जेवायला म्हणून गेला तो परतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी बायका कुदळी घेऊन निघाल्या. फिंडाने त्यांना शिव्या दिल्या, हात जोडले, नर्सने सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. "तुझी लेक म्हणून गावाने शाप भोगायचा का?" एकीने विचारलं. त्या ऐकणार नाहीत हे कळल्यावर फिंडाने कुदळ हिसकावली.

"मग हात माझेच लागतील. एकटीचे. बाकीच्यांनी आंब्याच्या पलीकडे थांबायचं."

मी तिचा पदर धरला. "फिंडा, नको गं."

"मग कुणाला पाठवू? तुला?"

मी पदर सोडला. तिने एकटीने उकरलं, एकटीने लेकीला आणि नातवाला वेगळं केलं, शेजारी शेजारी पुरलं. अंगावरचे कपडे जाळले आणि रानातल्या भातशेताच्या खोपटात जाऊन राहिली. कुणी जवळ आलं की दगड मारायची. मी लांबून भात ठेवून यायची. पुढे ताप आला आणि ती गेली. तिच्यामुळे गावात दुसऱ्या कुणालाही लागण झाली नाही. रेडिओवर मात्र सांगितलं की गावकऱ्यांच्या अडाणीपणाने आणखी एक बळी घेतला. अडाणी! फिंडाला!

पाऊस सरला तेव्हा साहेब पुन्हा आला. खालच्या गावात अशीच एक गरोदर बाई गेली होती, आणि या वेळी त्यानेच म्हाताऱ्या फायियाला बकऱ्यासकट आपल्या गाडीतून नेलं होतं. विधी झाला, बाईला कुणी हात लावला नाही. नवी पद्धत सगळीकडे लागू करणार, असं तो हसतमुखाने आम्हाला सांगत होता. मी उठून उभी राहिले.

"साहेब, म्हाताऱ्याला आणायला किती वेळ लागला?"

"अहो, अजिबात नाही," तो खुशीत म्हणाला. "गाडीने अर्धा तासही लागत नाही."